पाठीवर भावंड आलेले मूल आणि शिक्षक



गणपती होऊन गेल्यावर, किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा भरते तेव्हा, आपल्या वर्गात कधी कधी एक नवे मूल येऊन बसते. हजेरीपटावर त्याचे नाव अद्याप चढलेले नसते. दप्तर शहरी असते आणि डोळे दाराकडे लागलेले असतात. आजोबा त्याला सोडावयास येतात व हळू आवाजात सांगतात, “गुरुजी, सुनेचे दिवस भरत आले आहेत. दोन-तीन महिने पोर इकडेच राहील.” हे मूल बहुधा घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवलीकडचे असते. आजवर ते आईबापांचे एकुलते होते; आता त्याच्या पाठीवर भावंड येणार आहे किंवा आलेले आहे. प्रस्तुत लेखात अशा मुलाच्या मनाचा व त्याच्या बाबतीतील आपल्या कर्तव्याचा विचार करावयाचा आहे. आपल्याच गावात राहणाऱ्या व नुकत्याच थोरल्या झालेल्या मुलांनाही यातील पुष्कळसे विवेचन लागू पडेल.

१. हे मूल कोठून येते

मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली निराळा झाला. त्याला जिल्हा परिषद नाही. तेथील सार्वजनिक प्राथमिक शाळा बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या आहेत. तरीही तेथील मुले आपल्या शाळांत येतात, कारण उपनगरातील असंख्य मराठी कुटुंबांचे एक मूळ अद्याप कोकणात किंवा घाटावर रुजलेले आहे. चाकरमान्याचे घर म्हणजे पुष्कळदा एकच खोली व वर माळा. वडील पहाटेच्या लोकलने कामास जातात. प्रसूतीसाठी आई महापालिकेच्या रुग्णालयात गेली, म्हणजे मुलाला शाळेत कोणी न्यावे, जेवू कोणी घालावे, हा प्रश्न उभा राहतो. शेजारीण दोन दिवस सांभाळील, पुढे काय? तेव्हा गणपतीला गावी आलेले मूल मागे ठेवले जाते, किंवा बोरिवलीहून एस.टी.त बसवून काकाबरोबर आजीकडे धाडले जाते.

यात कोणाचा दोष नाही. आजीचे घर हे मुलाचेच घर आहे, आणि गरजेच्या वेळी असे घर असणे हे भाग्यच होय. परंतु मोठ्यांना जी सोय वाटते, ती मुलाला कशी दिसते, हे पाहणे अगत्याचे आहे. त्याच्या हिशेबाने घरात बाळ येणार म्हणून त्याला घराबाहेर पाठविले गेले. हा अर्थ त्याने मनाशी एकदा पक्का केला, म्हणजे पुढे कितीही खाऊ दिला तरी तो सहजासहजी पुसला जात नाही.

२. मुलाचे काय हरवते

एकुलते मूल म्हटले, की ते लाडावलेले, हट्टी आणि स्वार्थी असावयाचे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती पुराव्याला उतरत नाही. टोनी फाल्बो व डेनिस पोलिट या अमेरिकन संशोधकांनी १९८६ साली एकुलत्या मुलांविषयीच्या ११५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. स्वभाव व सामाजिक वागणूक यांत ही मुले भावंडे असलेल्या मुलांहून उणी नाहीत, असे त्यांना दिसून आले. आज या समजुतीपासून दूर राहण्याचे आणखी एक कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी अपत्यांचे प्रमाण १.७ इतके आहे. अनेक मुले काही वर्षे किंवा कायमची एकुलती असणे, ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. तेव्हा नवे मूल रडले किंवा रुसले, तर “एकुलते आहे, लाडावले आहे” असा निकाल देऊन आपण मोकळे होऊ नये.

मग त्याला झाले आहे तरी काय? व्हिएन्नाचे मानसचिकित्सक आल्फ्रेड अॅडलर (१८७०-१९३७) यांनी थोरल्या मुलाला सिंहासनावरून उतरविलेल्या राजाची उपमा दिली होती. उपमा मार्मिक आहे; मात्र तिच्यामुळे मूल सत्तालोभी असल्याचा भास होतो. आपल्या चाळीतील किंवा वाडीतील मुलाजवळ सिंहासन कसले? त्याच्याजवळ होती ती आईच्या कुशीतील रात्रीची जागा, तिच्या ताटातील पहिला घास आणि त्याने हाक मारताच मिळणारी ओ. बाळ आल्यावर कुशीतील जागा बाळाकडे जाते, थोरल्याचे अंथरूण माळ्यावर किंवा आजीच्या बाजूला पडते, आणि हाकेला उत्तर येते, “थांब, बाळ झोपले आहे.” मुलाचे हरवते ते ठिकाण. ज्याला आपण मत्सर म्हणतो, तो बहुतेक वेळा हरवलेल्या ठिकाणाचा शोध असतो.

त्यात मोठ्या माणसांच्या थट्टेची भर पडते. “आता तुझे लाड संपले,” “आता आई बाळाची झाली,” असे पाहुणे हसत हसत बोलून जातात. बोलणारा ते विसरतो; सहा वर्षांचे मूल विसरत नाही.

३. निरीक्षणे काय सांगतात

इंग्लंडमधील केंब्रिज येथे ज्युडी डन व कॅरल केंड्रिक यांनी ४० कुटुंबांत प्रत्यक्ष घरी जाऊन दुसऱ्या बाळाच्या जन्माच्या आधीपासून निरीक्षणे केली. त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. थोरली मुले तेव्हा सुमारे दीड ते साडेतीन वर्षांची होती. जन्मानंतर अनेक मुले अधिक रडवी व चिकट झाली, आईच्या सूचनेविरुद्ध वागू लागली. त्याचबरोबर कित्येक मुले आपल्या हाताने जेवू लागली, आपले कपडे आपण घालू लागली. मागे जाणे आणि पुढे जाणे ही दोन्ही एकाच मुलात एकाच वेळी दिसतात, ही गोष्ट शिक्षकाने ध्यानात ठेवावी.

याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण आपल्या अधिक उपयोगाचे आहे. ज्या माता थोरल्या मुलाशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलत, म्हणजे बाळ का रडत असेल, त्याला काय हवे असेल, त्याला काय आवडते, असे थोरल्याला विचारीत, त्या घरांत वर्षभरानंतर थोरल्याचे बाळाशी वागणे अधिक स्नेहाचे आढळले. “बाळावर प्रेम कर” या उपदेशाने जे साधत नाही, ते “बाळ का बरे रडत असेल, तुला काय वाटते?” या प्रश्नाने साधते. उपदेशात मुलाला आज्ञा मिळते. प्रश्नात त्याच्या मताला किंमत मिळते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात ब्रेंडा व्होलिंग यांनी २४१ कुटुंबांचा असाच अभ्यास केला. बहुसंख्य मुले हा बदल बऱ्यापैकी पेलतात, आणि ज्यांना तो जड जातो त्यांच्या अडचणींची चिन्हे पुष्कळदा बाळाच्या जन्मापूर्वीही दिसत असतात, असा त्याचा इत्यर्थ आहे. म्हणून शिक्षकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण कोणत्या मुलास अधिक आधार हवा, हे मात्र लवकर ओळखावे.

४. आईपासून दूर ठेवलेले मूल

आपल्या वर्गातील पाहुण्या मुलाचा प्रश्न याहून थोडा निराळा आहे. त्याला भावंड झाले एवढेच नव्हे, तर त्याच वेळी आई दूर गेली आहे. या दुहेरी प्रसंगाचा अत्यंत बारकाईने केलेला अभ्यास लंडनच्या जेम्स व जॉइस रॉबर्टसन या दांपत्याचा आहे. १९६९ साली त्यांनी जॉन नावाच्या १७ महिन्यांच्या मुलाचा बोलपट सिद्ध केला. जॉनची आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात गेली होती आणि त्याला नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात ठेवण्यात आले होते. तेथील परिचारिका प्रेमळ होत्या, परंतु पाळीपाळीने बदलत होत्या. जॉन प्रथम एकेकीजवळ जाऊन पाहतो. कोणीच कायमची आपली होत नाही हे उमगल्यावर रडू लागतो, अन्न टाकतो, शेवटी नुसता पडून राहतो. नवव्या दिवशी आई आली तेव्हा तो तिच्यापासून तोंड फिरवतो.

रॉबर्टसन दांपत्याने याच्या जोडीला दुसराही प्रयोग केला. ज्यांच्या माता अशाच रुग्णालयात होत्या, अशी चार मुले त्यांनी एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली. मुलाची ओळख आधी करून घेतली, त्याचे अंथरूण व खेळणी बरोबर आणविली, त्याच्या घरच्या सवयी विचारून घेतल्या, आईचे छायाचित्र दाखवून तिच्याविषयी बोलणे चालू ठेवले, वडिलांना भेटीस येऊ दिले. ही मुलेही दुःखी झाली, पण जॉनसारखी कोसळली नाहीत.

जॉन तान्हा होता व आपला विद्यार्थी शाळेत जाणारा आहे, हा भेद विसरता कामा नये. तथापि तत्त्व तेच. दुःख टाळता येत नाही; मात्र एक न बदलणारे माणूस, ओळखीच्या वस्तू आणि आईचा चालू राहिलेला उल्लेख यांनी ते सोसण्याजोगे होते. घरी हे माणूस म्हणजे आजी. दिवसातील पाच-सहा तास ते माणूस म्हणजे तुम्ही.

५. शिक्षकाने काय करावे

प्रथम प्रवेशाविषयी. “थोड्याच दिवसांचा आहे, बसू द्या नुसता,” असे पालक म्हणतात व आपणही मान डोलावतो. नाव नसलेले मूल वर्गात असूनही नसल्यासारखे राहते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, आणि शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला, या कारणाने प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. मुलाचा मुक्काम खरोखरच काही दिवसांचा असेल, तर मुख्याध्यापकांनी त्याच्या मूळ शाळेशी संपर्क साधून तेथील त्याचे नाव व हजेरी यांचे काय करावयाचे, ते ठरवून घ्यावे. पुष्कळदा दोन महिन्यांसाठी आलेले मूल दोन वर्षे राहते. अशा मुलाची दोन्हीकडची नोंद हरवू देऊ नये.

दुसरी गोष्ट नावाची. बाळ जन्मल्याची बातमी आली, की सारा गाव त्या मुलाला “दादा” किंवा “ताई” म्हणू लागतो. हे कौतुकाचे असले, तरी त्या दिवशी मुलाचे स्वतःचे नावही हरवते. वर्गात तरी त्याला त्याच्या नावानेच हाक मारावी. वर्गात आपण सर्वच मुलांना “बाळ” म्हणत असू, तर निदान काही दिवस या मुलाच्या बाबतीत तो शब्द टाळावा.

तिसरी गोष्ट जागेची. त्याची बसण्याची जागा ठरवून द्यावी व ती बदलू नये. दप्तर ठेवण्याचा कोनाडा, पाणी पिण्याचा पेला, जोडीदार, हे सर्व पहिल्या दिवशीच ठरावे. घरातील ठिकाण ज्याचे डळमळले आहे, त्याला शाळेतील सहा वितींची निश्चित जागा फार मोलाची वाटते.

चौथी गोष्ट आईच्या वर्तमानाची. मुलाला वाईट वाटेल म्हणून आईचा विषयच काढू नये, ही समजूत चुकीची आहे. “काल आईशी बोललास का?” असे रोज एकदा विचारावे. आजी-आजोबांना सुचवावे, की व्हिडिओ कॉलवर आईने पहिली पाच मिनिटे केवळ या मुलाशी बोलावे व बाळाला नंतर दाखवावे. नाही तर फोन येतो तोही बाळाचाच होऊन बसतो. परतण्याचा दिवस ठरला असल्यास दिनदर्शिकेवर खूण करून द्यावी. ठरला नसल्यास खोटी तारीख सांगू नये.

पाचवी गोष्ट कामाची. फळा पुसणे, रोपांना पाणी घालणे, पहिलीतल्या मुलाला पेन्सिल धरावयास दाखविणे, अशी त्याच्या शक्तीतील व खरोखर उपयोगाची कामे द्यावीत. आपण कोणाला तरी हवे आहोत, ही खात्री शब्दांपेक्षा कामाने लवकर पटते.

मूल अंगठा चोखू लागले, बोबडे बोलू लागले किंवा रात्री अंथरूण ओले करू लागले, तर शिक्षा किंवा उपहास करू नये. उपरोक्त अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केलीच आहे. ही चिन्हे बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. परंतु मूल जेवेनासे झाले, बोलेनासे झाले, किंवा कित्येक आठवडे गेले तरी तसेच राहिले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना अथवा २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाला ते दाखवावे.

६. थोरलेपणाचे ओझे

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बोरिवलीपलीकडे त्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर असलेल्या डहाणूच्या या भागात, व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, त्यांना दिसले, की कित्येक थोरली मुले कडेवर धाकटे भावंड असल्यामुळे शाळेत येऊ शकत नाहीत. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. धाकट्याची सोय झाली, तेव्हा थोरल्याचे शिक्षण सुरू झाले.

हा धडा आजही जुना झालेला नाही. बाळ झाल्यावर वर्गातील एखादी मुलगी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहू लागली, तर तिच्या घरी जाऊन चौकशी करावी; अंगणवाडी जवळ असल्यास तेथील ताईंशी बोलावे. बाळाला खेळविणे हा थोरलीचा आनंद आहे. बाळासाठी शाळा सोडणे हे तिचे कर्तव्य नव्हे.

मुलीच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म जखम संभवते. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटण्याची चाल अनेक घरांत आहे. भावाचे पेढे खाताना सात वर्षांची बहीण विचारते, “माझ्या वेळी काय वाटले होते?” प्रश्न साधा आहे, उत्तर देताना घरातील मोठी माणसे कशी बोलतात, त्यावर तिचे पुष्कळ अवलंबून असते. शिक्षकाने पेढा हाती घेताना त्या मुलीसमोर एवढे तरी म्हणावे, “तू आमच्या शाळेत आहेस, याचाही आम्हाला असाच आनंद आहे.”

७. पाठाची रूपरेषा (इयत्ता पहिली व दुसरी)

विषय : आमच्या घरातील लहान बाळ.

उद्देश : बाळाच्या गरजा ओळखणे, आपणही एकदा असेच सांभाळले गेलो, याची जाणीव होणे.

साहित्य : कागद, रंगीत खडू, जुन्या धोतराचा किंवा साडीचा मऊ तुकडा.

पूर्वतयारी : आदल्या दिवशी मुलांना सांगावे, की घरी आपल्याला सांभाळणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारून या. मी बाळ असताना कोठे झोपत असे? मला न्हाऊ-माखू कोण घाली? मी रडलो तर कशाने गप्प होई? ज्या मुलांना आईवडील नाहीत, त्यांच्या घरी शिक्षकाने स्वतः आधी बोलून घ्यावे.

विषयप्रवेश : शेळीचे करडू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभे राहते. माणसाचे बाळ उभे राहते का? ते काय काय करू शकत नाही? मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत.

विवेचन : बाळाला बोलता येत नाही; मग ते आपले म्हणणे कसे सांगते? रडण्याची कारणे मुलांकडूनच काढून घ्यावीत : भूक, ओले दुपटे, झोप, उकाडा, एकटेपण. नंतर विचारावे, “मोठी मुले कशासाठी रडतात?” येथे घाई करू नये. एखादे मूल म्हणेल, “आई नसली म्हणजे.” तेव्हा शिक्षकाने “होय, मोठ्यांनाही आईची आठवण येते,” एवढेच म्हणून पुढे जावे. त्या मुलाकडे सर्वांचे लक्ष वेधू नये.

उपयोजन : घरून आणलेली तीन उत्तरे प्रत्येकाने सांगावीत. मऊ तुकड्याची घडी करून बाळाला दोन्ही हातांनी, मान सावरून कसे धरतात, ते दाखवावे. बाळाला बसूनच व मोठ्यांच्या समक्ष घ्यावयाचे, हेही सांगावे. शेवटी प्रत्येकाने एक चित्र काढावे : “मी बाळ होतो तेव्हा.”

या पाठात बाळापेक्षा बाळाच्या थोरल्या भावंडाला अधिक मिळते. आपल्यालाही कोणी रात्र रात्र जागून वाढविले, हे त्याला आजीच्या तोंडून कळते. आणि बाळाला आज जे मिळत आहे ते आपल्याकडून काढून घेतलेले नसून आपल्याला आधीच मिळालेले आहे, ही समज त्याच्या मनात रुजू लागते.

८. परत जाताना

काही महिन्यांनी मूल उपनगरात परत जाईल. जाण्यापूर्वी त्याच्या वह्या, चित्रे व प्रगतीची नोंद त्याच्याबरोबर द्यावी. वर्गाला त्याचा निरोप घेऊ द्यावा. बाळाच्या नावाचे एखादे छोटे चित्र त्याच्याच हाताने काढवून द्यावे, म्हणजे ते रिकाम्या हाताने बाळापुढे उभे राहणार नाही. आईला निरोप धाडता आला तर कळवावे, की मूल घरी आल्यावर प्रथम तोंड फिरवील, अबोला धरील किंवा मांडीवरून उठणारच नाही. ही नाराजी नसून इतके दिवस साठविलेली आठवण आहे. पहिल्या दिवशी बाळाला थोडा वेळ दुसऱ्याच्या हाती देऊन आईने थोरल्याला जवळ घ्यावे.

आपल्या भाषेत धाकट्याला “पाठचा” म्हणतात. ज्याच्या पाठीवर भावंड येते, त्याच्या पाठीवर कोणाचा तरी हातही असावा लागतो. आई रुग्णालयात, वडील लोकलमध्ये आणि आजी शेतात असते, त्या घटकेला तो हात शिक्षकाचा असतो.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) गेल्या दोन वर्षांत आपल्या शाळेत घरी बाळंतपण असल्यामुळे किती मुले बाहेरगावाहून आली? त्यांपैकी किती परत गेली, व परत गेलेल्यांच्या पुढील शिक्षणाची माहिती आपणाजवळ आहे काय?

(२) धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी गैरहजर राहणाऱ्या मुलींची यादी करा. प्रत्येकीसाठी गावात कोणती सोय करता येईल?

(३) “बाळावर प्रेम कर” या वाक्याऐवजी मुलाला विचारता येतील असे पाच प्रश्न तयार करा व ते वर्गात योजून पाहा.